जंजिरा : एकोणचाळीस वर्षांची थकबाकी

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी रात्री माझे ‘मराठ्यांचे आरमार आणि जंजिरा’ या विषयावर व्याख्यान झाले, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशी पाऊस होता, खुर्च्या पार्किंगमध्ये मांडल्या होत्या आणि माईक मधूनमधून शिट्टी मारत होता. मी सव्वा तास बोललो. एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ, संभाजीराजांनी समुद्रात घातलेला भराव, सगळे सांगून झाले. शेवटी ‘कुणाला काही शंका?’ असे विचारले तेव्हा बी विंगमधला सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही पाहिलाय का जंजिरा?”

मी पाहिला नव्हता. तसे मी सांगितलेही, पण सांगताना “अजून योग आला नाही” असे म्हणालो. योग हा शब्द चुकीचा होता. योग एकोणचाळीस वर्षे माझ्या दारात येऊन बसला होता, मीच त्याला पाणीसुद्धा विचारले नव्हते. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी ‘सोसायटीची पंचवीस वर्षे’ या विषयावर लेख मागितला होता. तो विषय इतरांनी माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे. मी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर लिहितो. त्या व्याख्यानात काही चुकाही झाल्या होत्या, त्यांची दुरुस्तीही इथेच.

१९८६ साली आमच्या शाखेत एक हेड कॅशियर बदलून आले. मुरुडजवळच्या राजपुरीचे, जातीने कोळी. आयुष्य खाडीच्या काठावर गेलेले आणि बढती मिळाली ती सोलापूरला! आपल्या गावाचा समुद्राशी संबंध म्हणजे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते तेवढाच. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कॅश मोजताना ते पंख्याकडे बघत म्हणायचे, “साहेब, आता आमच्याकडे वारा सुटला असेल.” हिशेबाला असा पक्का माणूस मी पाहिला नाही. भरतीची वेळ ते पंचांग बघून तोंडी सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची की झाले. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वा अकरा. आम्ही सोलापूरकर टेबलाभोवती जमून हा चमत्कार ऐकायचो आणि आपल्याला याचा उपयोग काय, हे कुणालाच कळायचे नाही.

त्यांचे एकच मागणे असायचे. “साहेब, तुम्ही इतिहास एवढा वाचता, तर एकदा आमच्याकडे या. किल्ला आमच्या अंगणातून दिसतो.” मी म्हणायचो, “पुढच्या वर्षी नक्की.” चार वर्षांनी त्यांची बदली रायगड जिल्ह्यात झाली. जाताना त्यांनी एका कोऱ्या व्हाउचरच्या पाठीवर पत्ता लिहून दिला. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्यांच्याकडून सोड्याचे पार्सल यायचे. आमचे घर शाकाहारी. ते पार्सल आमच्याकडून उघडले न जाताच शेजारी जायचे आणि शेजारी त्याची वाट पाहायचे. मी तिळगूळ पाठवायचो. सोबत चिठ्ठी : यंदा जमले नाही, पुढच्या वर्षी नक्की.

कारणे नव्हती असे नाही. एलटीसीचे एक ब्लॉक मुलाच्या दहावीत गेले. १९९३ च्या ऑक्टोबरात जायचे ठरले होते, तर ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपण सगळे रस्त्यावर आलो होतो ते आठवते ना? त्यानंतर महिनाभर सुट्टीचा विषय काढायची सोय नव्हती. मग आपल्या सोसायटीचे बांधकाम, त्यात मी खजिनदार. मग सौ.चे गुडघे. मग निवृत्ती, आणि निवृत्त माणसाला तर वेळच नसतो! कारणे सगळी खरी होती. पण बँकेत थकबाकीदारही खरीच कारणे सांगतात, हे मला माहीत आहे.

शेवटी हललो तो मुलांमुळे. माझी पंचाहत्तरी २०२३ मध्ये झाली, ती साजरी करायचे राहून गेले होते (चालढकल आमच्याकडे आनुवंशिक आहे). मुलाने आणि मुलीने मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई-गोवा-मुंबई असे मोठ्या जहाजाचे बुकिंग केले. आम्ही दोघे, ते चौघे, नातवंडे. त्याचा आकडा ऐकला तेव्हा मी गप्प बसलो. आपल्या सोसायटीतला एक फ्लॅट सुरुवातीला जेवढ्याला मिळाला, त्याच्या आसपासचा तो आकडा होता. पण दुसरा विचार रात्री आला. ते जहाज राजपुरीच्या समोरून जाणार. म्हणजे मी जंजिऱ्यासमोरून अकरा मजली हॉटेलात बसून, ताटात गुलाबजाम घेऊन जाणार आणि राजपुरीला पाय लावलेला नसणार. हे काही बरे दिसेना.

गड्ड्याची यात्रा आटोपली आणि १६ जानेवारीला मी एकटा निघालो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. घरात म्हणालो, “याचीच वाट बघत होतो.” सौ.ने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक चादर बांधून दिली. पहिला मुक्काम पुण्यात पुतण्याकडे. दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथे गाडी बदलून संध्याकाळी मुरुड. एका घरगुती लॉजमध्ये सहाशे रुपयांत खोली मिळाली. रात्री खिडकीतून समुद्र ऐकू येत होता. मला वाटले पाऊस लागला, म्हणून दोनदा उठून बाहेर बघितले.

आता इतिहासाकडे वळतो.

‘जंजिरा’ हे त्या किल्ल्याचे विशेषनाम नव्हेच. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट, त्याचे हे मराठी रूप. जुन्या कागदांत सिंधुदुर्गालाही ‘जंजिरे सिंधुदुर्ग’ म्हटलेले सापडते. बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, चाचे-लुटारूंपासून बचावासाठी. त्यांचा पुढारी राम पाटील. तो कुणाला दाद देईना, तेव्हा निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेशात गलबतातून मद्याची पिंपे आणली, कोळ्यांना पाजली आणि रात्री मेढेकोट घेतला, अशी गोष्ट सांगतात. आमचे हेड कॅशियर ही गोष्ट सांगताना दर वेळी थोडे रागावत. “साहेब, आमच्या लोकांनी एकदा प्यायली, त्याचा हिशेब पाचशे वर्षं चालू आहे.”

इथे आपल्या सोलापूरचा धागा येतो आणि व्याख्यानात मी तो पूर्णपणे विसरलो होतो. आपला भुईकोट निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातले कायमचे भांडण होते. कधी हा हुंडा म्हणून कबूल करायचा, तो द्यायचा नाही, मग लढाई, असे दोन पिढ्या चालले. अखेर हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर विजापूरकडे गेला. त्यानंतर लगेच १५६५ ची तालिकोटची लढाई. आणि जंजिऱ्याचा आजचा दगडी कोट बांधल्याची साले सांगतात ती १५६७ ते १५७१. म्हणजे अहमदनगरकरांनी जमिनीवरचा एक मजबूत कोट मुलीला आंदण दिला आणि पाठोपाठ पाण्यात दुसरा बांधला. यांतल्या एकामुळे दुसरे घडले, असे मी म्हणणार नाही. पण एकाच घराण्याच्या वहीत ह्या दोन नोंदी जवळजवळ लागोपाठ आहेत.

किल्ला सांभाळायला होते सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून, हबसाणातून आलेले. मलिक अंबरही त्यांच्यातलाच. निजामशाही १६३६ मध्ये संपली आणि मुलखाची वाटणी झाली, तेव्हा कोकणाबरोबर जंजिराही आदिलशाहीकडे गेला. तेव्हापासून काही काळ सोलापूर आणि जंजिरा यांचा धनी पुन्हा एक झाला. शिवाजी महाराजांची गाठ पडली ती या सिद्द्यांशी.

व्याख्यानात मी ठासून सांगितले होते की जंजिरा अजिंक्य राहिला तो तोफांमुळे. ते वाक्य मी परत घेतो. तोफा होत्याच, तिथले होडीवाले पाचशे बहात्तरचा आकडा सांगतात. पण प्रकरण नीट वाचले आणि जागा पाहिली तर तोफांइतकेच दुसरे एक कारण पुन्हा पुन्हा समोर येते. ते म्हणजे वेळ. कधी वेळेवर न पोचणे, कधी वेळ हातात न राहणे.

१६६९ मध्ये महाराजांनी वेढा इतका आवळला की किल्ल्याचा मुख्य फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला होता. तेव्हा त्याच्याच तीन सरदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. मोगलांनी त्यांना पैसा दिला, आरमाराचे बळ दिले. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढे १६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दी कासमने समोरच्या काठावरचे दंडा-राजपुरीही मराठ्यांकडून परत घेतले.

मग महाराजांनी वेगळा उपाय काढला. जंजिऱ्याच्या वायव्येला कांसा नावाचे खडकाळ बेट आहे, तिथे पद्मदुर्ग बांधायला घेतला. राजपुरीच्या छातीवर दुसरी राजपुरी उभी करायची, अशी ती कल्पना. सिद्दी हे काम होऊ देईनात, म्हणून दर्यासारंग आणि दौलतखान यांचे आरमार तिथे राखणीला ठेवले. आरमाराला धान्य आणि पैसा लागतो. तो द्यायचा होता प्रभावळीच्या सुभेदाराने, जिवाजी विनायक याने. हुकूम झाला होता, रक्कम मंजूर होती, आणि सुभेदार ती पोचवीना. जानेवारी १६७५ मधले महाराजांचे त्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ज्यांनी सरकारी किंवा बँकेची नोकरी केली आहे त्यांनी ते जरूर वाचावे. मजकुराचा आशय असा : आरमार कामाच्या वेळी खोळंबून ठेवता, पद्मदुर्गाच्या लोकांना रसद पोचवत नाही, हबशाने तुम्हाला काही देऊन आपलेसे केले असेल म्हणून अशी बुद्धी झाली, अशा चाकराला ब्राह्मण म्हणून कोण सोडणार आहे?

मी हे पत्र पूर्वी वाचले होते ते महाराजांच्या करारीपणाचा दाखला म्हणून. मुरुडच्या लॉजमध्ये त्या रात्री ते आठवले ते जिवाजी विनायकाच्या बाजूने. त्या माणसाने फितुरी केली असे मला वाटत नाही. मी असे अधिकारी जवळून पाहिले आहेत, एक तर आरशातच पाहिला आहे. मंजुरीचा कागद टेबलावर असतो, सही फक्त बाकी असते, आणि ‘उद्या सकाळी पहिले काम हेच’ असे म्हणून माणूस घरी जातो. तिकडे खाडीत तीन-चारशे माणसे तांदळाची वाट बघत असतात.

दुसरी हकीकत त्यानंतरच्या वर्षाची, मोरोपंत पेशव्यांच्या मोहिमेतली. ही बखरीतली आहे, म्हणून ‘असे सांगतात’ म्हणूनच लिहितो. लाय पाटील नावाच्या कोळ्याने जिवावर उदार होऊन रात्री किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची माणसे मागून येऊन वर चढायची, असा बेत होता. लाय पाटील शिड्या धरून थांबला. माणसे आली नाहीत. पहाट व्हायला लागली, तेव्हा त्याने शिड्या काढल्या आणि तो परत फिरला. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, आम्ही दर्यातले लोक, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला ‘पालखी’ नावाचे गलबतच बांधून दिले.

शाळेत ही गोष्ट शेवटच्या वाक्यासाठी सांगतात. मला आता मधले वाक्य महत्त्वाचे वाटते. भिंतीला शिडी लावून, खाली पाणी, वर पहारा, असा एक माणूस तासन् तास कुणाची तरी वाट बघतो आहे.

तिसरा प्रयत्न संभाजीराजांचा, १६८१-८२ चा. राजपुरीच्या बाजूने समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायची, हे काम त्यांनी सुरू केले. इथे मात्र दिरंगाई कुणाची नव्हती. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता, हसनअलीखानाची फौज कल्याण-भिवंडीकडे आली आणि राजांना वेढा दादाजी रघुनाथांवर सोपवून निघावे लागले. तोच बादशहा पुढे भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या मंगळवेढे तालुक्यात माचणूरजवळ, सुमारे चार वर्षे छावणी करून बसला. माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला आपली सोसायटीची बस गेली होती, तिथला तो किल्ला. राजपुरीच्या खाडीतला अर्धा राहिलेला भराव आणि माचणूरचा तो तट, दोन्ही एकाच युद्धाची टोके आहेत.

पुढचे थोडक्यात. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारले, सिद्द्यांचा बराच मुलूख घेतला, पण बेट राहिलेच. नंतर ते इंग्रजांच्या छायेखालचे संस्थान झाले आणि १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. माझाही जन्म त्याच वर्षीचा.

१८ तारखेला सकाळी रिक्षा करून राजपुरीला गेलो. त्या दिवशी वद्य पंचमी, म्हणजे पाच पाऊणे पावणेचार. भरती दुपारी पावणेचारला, त्याआधी सहा तास ओहोटी. धक्क्यावर पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि होड्या खाली, चिखलाच्या कडेला टेकल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तो हिशेब खरा निघालेला डोळ्यांनी पाहिला. व्हाउचरची घडी खिशात होती. ती उघडून एकाला दाखवली. अक्षर वाचून तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “बाबांचं अक्षर आहे हे.”

हेड कॅशियर २०१७ मध्ये गेले. आम्हाला कळवले होते का, पत्र पोचले नाही का, हे मी विचारले नाही. सोडे यायचे बंद झाले होते तेव्हाच मी चौकशी करायला हवी होती. मी बहुधा असे ठरवले होते की पुढच्या वर्षी जाऊन समक्षच विचारू. त्यांचा मुलगा शिडाची होडी चालवतो. घरी नेले. अंगणातून किल्ला दिसतो हे खरे आहे. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि म्हणाल्या, “हे रिटायर झाले तेव्हा म्हणाले होते, आता सोलापूरचे साहेब येतील, त्यांनाही आता वेळ असेल.” यावर मी काय बोलणार? सोबत आणलेली शेंगाची चटणी दिली. त्यांनी डबा ओळखला. “ही तुमच्याकडची. ते नेहमी आणायचे.”

होडीत आम्ही वीस-बावीस जण होतो, बहुतेक शाळेची पोरे. शीड भरले आणि आवाज न करता होडी निघाली. किल्ल्याचे दार दिसत नाही. पुस्तकात हे वाक्य मी पन्नास वेळा वाचले असेल, पण होडी जवळ जाते, तट डोक्यावर येतो, आणि तरी दार दिसत नाही तेव्हा पोटात काय होते ते पुस्तकात नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात शिरल्यावर एकदम दरवाजा समोर येतो. पायरीवर उतरताना होडी वरखाली होते. लाटेबरोबर होडी वर आली की त्याच क्षणी पाय टाकायचा. मी दोन लाटा सोडल्या. तिसरीला हेड कॅशियरच्या मुलाने माझा दंड धरला, “काका, आता”, आणि ओढून घेतले.

आत दरवाजाशेजारी पंजात आणि शेपटीत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी कोरला आहे. कलालबांगडी पाहिली, तिच्यावर पोरे बसून फोटो काढत होती. सुरूलखानाच्या वाड्याच्या भिंती उभ्या आहेत, झाडांनी त्यांच्यात मुळे घातली आहेत. पण मी सर्वात जास्त वेळ थांबलो तो तलावाशी. चारही बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचे दोन दगडी तलाव! पावसाचे पाणी साठवलेले. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या आणि टँकरची बिले वीस वर्षे भरलेल्या माणसाला त्या तलावाचे मोल तोफेपेक्षा जास्त कळते. पश्चिमेला मोकळ्या समुद्राकडे दर्या दरवाजा आहे. काठावरून कितीही वेढा घाला, मागल्या दाराने गलबत येत राहणार. पाणी आतले, धान्य मागल्या दाराचे आणि पुढले दार दिसत नाही. अशा जागेला वेढा घालणाऱ्याला फार वेळ पुरला पाहिजे आणि तो कुणाला पुरला नाही.

दुसरी दुरुस्ती भरावाबद्दलची. ‘ओहोटीला संभाजीराजांच्या भरावाचे दगड आजही दिसतात’ असे मी व्याख्यानात म्हणालो होतो. त्या दिवशी पूर्ण ओहोटी होती. मी विचारले, कुठे आहेत ते? हेड कॅशियरचा मुलगा हसला. “काका, खडक आहेत, ते देवाने टाकलेत का राजांनी, ते आम्हाला कसं कळणार? पर्यटकांना आम्ही राजांनीच म्हणतो.” हे वाक्य मी कुठे वाचले होते ते घरी येऊन शोधले. सापडले नाही. बहुधा मीच कधीतरी बोललो आणि मग मलाच ते वाचल्यासारखे वाटू लागले.

तटावरून वायव्येला पद्मदुर्ग दिसतो, बुटका, काळा. तिथे होड्या सहसा जात नाहीत. त्या तटाचा एक विशेष मला मुलाने सांगितला, नंतर वाचूनही खात्री केली : लाटांनी तिथले दगड झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जागेवर आहे. मधमाशीच्या पोळ्यासारखी भिंत दिसते. जिवाजी विनायकाने उशिरा पाठवलेल्या पैशातला काही भाग त्या चुन्यात असेल.

परत येताना वारा पडला आणि होडी हलेना. मी ‘रामदास’ बोटीचा विषय काढला. खरे तर मनात फेब्रुवारीतल्या जहाजाची भीती होती. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत वादळी पावसात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आपल्या स्मरणिकेच्या दृष्टीने सांगण्यासारखे म्हणजे, ती बोट ज्या कंपनीची होती ती ‘सहकारी’ होती. परदेशी आगबोट कंपन्यांना उत्तर म्हणून कोकणातल्या सामान्य लोकांनी काढलेली, लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि बोटींना संतांची नावे देत. त्या दिवशी रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून माणसे घेतली, असे सांगतात. मुलगा म्हणाला, “टाकणारच. मासळी उद्या परत मिळते.” नंतर कोकण बोटीही बंद पडल्या. ज्या प्रवासाला पूर्वी चाकरमानी डेकवर वळकटी टाकून जायचे, तोच आता एवढे पैसे भरून करायचा.

प्रवासाचा हिशेब : एसटी शून्य, लॉज बाराशे, रिक्षा, होडी, चहा, दोन जेवणे. एकूण दोन हजार तीनशे पंच्याऐंशी. हेड कॅशियरच्या मुलाने होडीचे पैसे घेतले नाहीत म्हणून ते मी चहाच्या बशीखाली ठेवले होते. ते त्याने धक्क्यावर परत आणून दिले, म्हणून ती रक्कम वजा.

जहाजाचा प्रवास छान झाला. कुणालाही उलटी झाली नाही. संध्याकाळी मुंबई सोडली आणि जेवणाच्या वेळी मी नातवाला घेऊन डाव्या बाजूच्या डेकवर जाऊन उभा राहिलो. काळोख होता. लांब किनाऱ्यावर चार-दोन दिवे होते. “आजोबा, कुठला जंजिरा?” मी अंदाजाने एक बोट दाखवले आणि ‘साधारण तिकडे’ असे म्हणालो. त्याने लगेच तिथीचे विचारले, पावणेपट काढली आणि सध्या किल्ल्याला भरती आहे की ओहोटी ते मला सांगितले. मग आतून सुनेने हाक मारली, आइस्क्रीमचे काउंटर बंद होत होते.

पद्मदुर्ग राहिला आहे. राजपुरीला फोन झाला. परवानगी आणि भरती बघून नोव्हेंबरात नेतो, असे त्याने सांगितले आहे. होडीत वीस जण बसतील. बी विंगच्या त्या मुलाचे नाव मी पहिले लिहिले आहे. बाकी ज्या सभासदांना यायचे असेल त्यांनी १५ ऑक्टोबरपूर्वी सोसायटीच्या ऑफिसात नाव आणि पाचशे रुपये आगाऊ द्यावेत. ‘पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांची वेगळी यादी केलेली नाही.